पांजणीचे रविवार

थंडी पडली की नागपुरातली अर्धी माणसं रविवारी सकाळी घरची न्याहारी सोडून रस्त्यावर खायला निघतात, आणि मला त्या सगळ्यांचा राग येतो. हे मी मोकळेपणानं सांगते. जन्मभर शाळेत शिकवताना राग गिळत आले. आता या वयात तोही लपवायचा, तर मग बोलायचं तरी कशाबद्दल?

गेल्या रविवारी मुलगा आणि सून मला बळेच घेऊन गेले. हॉटेल म्हणजे एक दार, आत मोजकी टेबलं आणि बाहेर अख्खा मोहल्ला. जे बसले होते त्यांच्या खुर्चीमागे, जे बसले नव्हते ते उभे. खाणाऱ्याच्या प्लेटीत टक लावून बघायचं, तो शेवटचा घास कधी घेतो याची वाट बघायची, आणि तो पुरता उठायच्या आत त्याच्या गरम खुर्चीत स्वतःला टाकायचं, याला हे लोक सुट्टी म्हणतात. बाहेर रस्त्यावर गाड्या आडव्यातिडव्या लावलेल्या. एक दूधवाला मधे अडकला होता आणि हॉर्न वाजवत होता, आणि हातात प्लेट घेतलेली माणसं त्याच्याकडे अशी बघत होती की जणू तोच त्यांच्या घरात घुसलाय.

सुनेनं माझ्यासाठी एक खुर्ची पटकावली. म्हातारं माणूस सोबत असलं की अशा ठिकाणी खुर्ची मिळते, एवढाच माझा तिथे उपयोग. मुलगा पोहे घेऊन आला. पोह्यांवर चण्याचा रस्सा, रश्शावर तेलाची लालभडक तर्री, वर कच्चा कांदा. मी म्हटलं, मला चहा पुरे. तो म्हणाला, आई, दर हिवाळ्यात तुझं हेच, या पोह्यांनी तुझं काय घोडं मारलंय? नुसतं घोडं मारलं असतं तर इतकी वर्षं कोण लक्षात ठेवतं?

हिवाळा माझ्या नाकाला आधी कळतो. संत्र्यांच्या टोपल्या उघडल्या की येणारा तो आंबटगोड वास, सकाळच्या शेगड्यांचा धूर, आणि या दोन्हींच्या खाली, दुसऱ्या कोणालाही येत नाही असा, शिजलेल्या तांदळाच्या पेजेचा वास. हा तिसरा वास आता शहरात कुठेच नाही. तरी थंडी पडली की मला तो येतो, आणि आला की मी चिडते. घरातले लोक याला वय झालं म्हणतात.

आमचा कोष्टीपुरा गांधीबागेच्या मागच्या अंगाला होता. एक सरळसोट लांब गल्ली, दोन्ही बाजूंना बुटकी घरं, आणि प्रत्येक घराच्या पुढच्या खोलीत माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणकर बसलेला. दिवसभर धोट्याची खटखट चालायची आणि ती थांबली की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. गल्ली सरळ होती ती काही नगररचनेसाठी नव्हे. ती पांजणीसाठी सरळ होती.

पांजणी म्हणजे काय, हे आता नागपुरात सांगावं लागतं. साडीचा ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर चढवण्याआधी त्याला खळ द्यावी लागते. खळ म्हणजे तांदळाची पेज. कुहीकडचा जुना तांदूळ त्यासाठी चांगला, नवा तांदूळ चिकट होतो, असं आई म्हणायची. ताणा गल्लीभर लांब पसरायचा, दोन्ही टोकांना खुंट्यांना दोरानं ताणायचा, मधे बांबूच्या कैच्यांवर टेकवायचा. मग दोन्ही बाजूंना माणसं उभी राहायची, प्रत्येकाच्या हातात रुंद कुंचा. खळ लावायची आणि कुंचा ओढत या टोकाकडून त्या टोकाकडे न्यायचा, तसाच परत आणायचा. सूत वाळेपर्यंत कुंचा थांबवायचा नाही. तो थांबला की ओले धागे एकमेकांना चिकटतात, आणि बारीक सुताचे धागे एकदा चिकटून वाळले की सुटत नाहीत, तुटतात.

म्हणून पांजणी हिवाळ्यातली, आणि तीही उजाडतानाची. पावसाळ्यात ती शक्य नव्हती. उन्हाळ्यात नागपूरचं ऊन सुताला खळ लागायच्या आत वाळवून टाकायचं. थंडीत मात्र धुकं असायचं, वारा नसायचा, आणि ऊन गल्लीत उतरेपर्यंत काम उरकायचं. पांढरा ताणा धुक्यात जेमतेम दिसायचा, दोन्ही बाजूंनी माणसं चालताना दिसायची, आणि कुंच्यांचा सूं सूं आवाज. मी गोधडीतून तो आवाज ऐकत पडून राहायची. जगात इतकं शांत दुसरं काही मी ऐकलेलं नाही.

पांजण लागली की गल्ली बंद. त्याला कोणाचा हुकूम लागत नसे. सायकलवाला उतरायचा, मुकाट्यानं शेजारच्या बोळातून जायचा. एकदा एक वरातसुद्धा वळसा घालून गेली होती. घोड्यावरचा नवरदेव मान वळवून वळवून ताण्याकडे बघत होता. आणि ज्याची पांजण त्याच्या घरची न्याहारी, हा रिवाज होता. शेजारपाजारची माणसं कुंचा धरायला यायची, काम झालं की त्याच घरच्या ओट्यावर बसून खायची. आमच्या घरची ज्वारीची भाकर, झुणका आणि लसणाची चटणी कोष्टीपुऱ्यात नावाजलेली होती. आईला त्याचा गर्व होता. बायांनी सुताच्या कांड्या भरायच्या, खळ शिजवायची, न्याहारी रांधायची. कुंच्याला हात लावायचा नाही. का, असं मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, हे विचारायचं नसतं.

रविवार आम्हाला कापडाच्या मिलनं आणून दिला. त्याआधी माग अमावास्येला बंद राहायचा, रविवारचं आम्हाला काही नव्हतं. पण एकेक माग बंद पडत गेला आणि कुंचा धरणारे हात मिलच्या भोंग्यावर जाऊ लागले. आठवडाभर ते तिकडे. मोकळे सापडायचे ते रविवारी सकाळी. म्हणून पांजणी रविवारची झाली. आणि नेमकी तीच सकाळ किसनाजीलाही पाहिजे होती.

किसनाजी आमच्या शेजारचा. बाबांच्या मागाला त्याच्या मागाची भिंत लागून होती; दोघं भिंतीतून बोलत बोलत विणायचे. मी त्याला काका म्हणायची. त्यानं माग विकला, मागाचा खड्डा दगडमातीनं भरला आणि त्याच जागी भट्टी बसवली. गल्लीच्या तोंडाशी घर, समोर हमरस्ता. दोन बाकडी, चार खुर्च्या, आणि मोठ्या भगुण्यात चण्याचा रस्सा. पहिल्या दिवशी त्यानं बाबांना बोलावलं होतं. बाबा गेले नाहीत. भट्टीचा धूर मात्र बोलावल्याशिवाय आमच्या घरात यायचा. वास चांगला होता, हे मला कबूल करावं लागतं, आणि त्यासाठी मी किसनाजीला कधी माफ केलं नाही.

हे सगळं टोकाला गेलं ते जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपुरातून गेली त्या हिवाळ्यात. मी तेव्हा मॅट्रिकला होते. कांड्या भरता भरता मांडीवर भूमितीचं पुस्तक. गावात दुसरा विषय नव्हता. कचेऱ्या भोपाळला चालल्या, कोणाचं नाव यादीत आहे, कोणाचं नाही, कोणाची बायको जायला तयार नाही. आम्हा विणकरांना त्याचं काय? आमचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. पण सीताबर्डीकडचे, धंतोलीकडचे कारकून लोक रविवारी सायकलींवरून किसनाजीकडे येऊ लागले. भोपाळला असे पोहे थोडेच मिळणार, असं एकमेकांना सांगत ते आमच्या गल्लीत दुःख साजरं करायचे. दोन दोन प्लेटा दुःख. आत जागा नसायची म्हणून गल्लीत उभे, सायकली आमच्या भिंतींना टेकलेल्या, खाऊन झालेले द्रोण आमच्या ओट्याखाली.

आधी नुसत्या कुरबुरी होत्या. मग भांडणं सुरू झाली. कोणाच्या तरी ताण्यावर तर्रीचे थेंब उडाले. पांढऱ्या सुतावरचा तो लाल डाग धुऊनही गेला नाही, विणून झालेल्या साडीत पदराजवळ दिसत राहिला. त्या दिवसापासून नळावर किसनाजीच्या बायकोशी कोणी बोलेना. तिची घागर पुढे असली तरी मागे सरकवली जायची. गल्लीतली पोरं सायकलींची हवा सोडायची, आणि कोणती सायकल, हे मी त्यांना खिडकीतून दाखवायची. आई सकाळी मुद्दाम हॉटेलासमोर भांड्यांचं पाणी फेकायची. किसनाजी काही बोलायचा नाही, फक्त झाडू घेऊन पाणी लोटून द्यायचा. त्याच्या न बोलण्याचा आईला आणखी राग यायचा.

एका रविवारी एक कोटवाले गृहस्थ सायकल घेऊन थेट ताण्यापाशी आले. बाबांनी वळसा घाला म्हटलं तर त्यांनी विचारलं, काय हो, हा रस्ता तुमच्या वडिलांचा आहे का? बाबा मान खाली घालून कामाला लागले. बाबांचा स्वभावच तसा. आई ओट्यावरून उतरली.

"होय, यायच्या बापाचा हाय, अन् बापाच्या बापाचाबी हाय. तुमी भोपाळले जाऊन राहिले ना? मंग तिकडच्या रस्त्यानं चालवा सायकल."

हॉटेलात कोणीतरी हसलं. गृहस्थ सायकल फिरवून गेले, पण पोहे खाऊनच गेले. तेवढ्यानं आम्ही जिंकलो असं मला वाटलं होतं. लढाई भलतीकडेच चालली होती हे मला दिसत नव्हतं. आमची माणसं, बाबांच्या ताण्याला कुंचा धरणारी आमची स्वतःची माणसं, काम करता करता हॉटेलाकडे बघायची. फोडणी पडली की त्यांचे कुंचे मंद व्हायचे. आईची न्याहारी ते खायचे, पण खाताना बोलायचे नाहीत, भाकर अर्धी टाकून उठायचे आणि मग दोघं-तिघं मिळून किसनाजीकडे जायचे. आई त्या अर्ध्या भाकरी गोळा करायची. मी तिच्याकडे बघायची नाही.

मिलमध्ये आठवडाभर काम करून रविवारी चार गडी एका बाकड्यावर बसले, गरम काही खाल्लं, हसले, तर त्यात वाईट काय? माझा मुलगा मला हेच विचारतो. त्याचं बरोबर आहे. बरोबर असण्यानं राग जात नाही, हे त्याला अजून कळायचंय.

आता त्या ताण्याची गोष्ट. गांधीबागेतल्या ज्या शेठजींचं सूत बाबा विणायचे, त्यांनी त्या हिवाळ्यात बारीक सूत दिलं. लग्नसराईच्या साड्या होत्या. शेठजींनी साफ सांगितलं होतं की या साड्या नीट उतरल्या तर वर्षभर सूत देतो, नाही तर तुझ्यासाठी मी आता थांबत नाही. मिलचा माल स्वस्तात पडतो हे त्यांना सांगायची गरज नव्हती, बाबांना ते माहीत होतं. म्हणजे हा ताणा साधला तर आमचा माग चालणार. फसला तर तो बंद होणार, आणि बाबा आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाताखाली जाणार. घरात हे कोणी मोठ्यानं बोललं नाही. पण आईनं खळीचा तांदूळ दोनदा निवडला, आणि बाबांनी कुंचे उन्हात ठेवून एकेक काडी तपासली.

त्याच्या आधीच्या रविवारी दुसऱ्या एकाच्या पांजणीला दोन माणसं आलीच नव्हती. सरळ हॉटेलात जाऊन बसली होती. बाबांनी ते मनात ठेवलं असणार. कारण आमच्या पांजणीच्या सकाळी, माणसं जमली आणि कुंचे हातात घेतले, तेव्हा बाबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आजची न्याहारी किसनाजीकडे आहे. आधी डाव्या बाजूनं जाऊन यायचं, मग उजव्या बाजूनं. माणसांचे चेहरे खुलले. आई दारात उभी होती. तिच्या हाताला पीठ होतं.

"अन् ह्या भाकरी कोणासाठी थापल्या मी?"

बाबांनी तिच्याकडे न बघता उत्तर दिलं. "तुह्या भाकरीले पोट्टे हात लावून नाही राहिले वं. तूच पाहून राहिली ना दर खेपी."

इतकं कडू बाबा कधी बोलले नव्हते, तेही माणसांसमोर. आई आत गेली. तवा खाली उतरवल्याचा आवाज आला. मी कांड्या भरत दारात बसले होते. बाबांचा मला त्या क्षणी असा राग आला की ताणा फसो असं मनात येऊन गेलं, आणि लगेच मी देवाला ते मागे घ्यायला सांगितलं.

काम छान चाललं होतं. धुकं दाट होतं, खळ बेताची. बाबा गल्लीच्या आतल्या टोकाला खुंट्याशी उभे. ओलं सूत आक्रसतं तसा दोर जरा सैल करायचा, मग पुन्हा ताणायचा, हे ज्याचा ताणा त्याचं काम, आणि त्यानं खुंटा सोडायचा नाही. पहिले हात फिरवून झाले. बाबांनी खूण केली आणि डावी बाजू कुंचे ठेवून हॉटेलात गेली.

हॉटेलात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भोपाळला जाणाऱ्यांचे शेवटचे रविवार चालले होते. आमच्या माणसांच्या प्लेटा येईनात. उजवी बाजू एकटी कुंचे ओढत राहिली, पण बाजू बदलून बदलून ओढायचं तर हात दमतात, आणि पोट रिकामं. माझा मामा, झिंगरूमामा, उजव्या बाजूला होता. तो म्हणाला, मी त्यायले बोलावून आणतो. तो गेला तो आलाच नाही. त्याला बोलवायला आणखी एक गेला. उरलेल्यांना गर्दीत आपली माणसं परत येताना दिसली म्हणे, म्हणून तेही निघाले. ती आपली माणसं नव्हतीच, कारकून होते. जो तो समजला की दुसरी बाजू ताण्याला आहे. बाबांना गल्लीच्या त्या टोकावरून काही दिसत नव्हतं. मधे सायकली आणि उभे राहून खाणारे. कुंच्यांचा आवाज थांबला तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी खुंटा सोडला आणि माणसांना आणायला हॉटेलात गेले.

आई पाणी घेऊन बाहेर आली, तिच्यामागे आतून मी, तेव्हा अख्खी गल्ली माणसांनी भरलेली होती आणि ताण्याजवळ कोणी नव्हतं. धुकं विरत होतं. समोरच्या कौलांवर ऊन आलं होतं. तिनं मला हॉटेलाकडे पिटाळलं.

मी त्या हॉटेलाच्या दारात त्याआधी कधी गेले नव्हते. बायका तिथे जात नसत. दारातल्या लोकांनी वाट दिली नाही. मी कोपरानं ढकलत गेले. आत आमची सगळी माणसं एका बाकड्यावर दाटीवाटीनं बसली होती, आणि त्यांच्यात बाबा. किसनाजीनं त्यांना म्हटलं असणार, आला आहेस तर दोन घास खा, सगळे सोबतच उठतील. आदल्या संध्याकाळपासून बाबांनी काही खाल्लं नव्हतं. त्यांच्या बोटांवर खळ वाळून पांढरी झाली होती आणि त्यावर तर्रीचा लाल रंग. ते खात होते. डोळे मिटून खात होते. झिंगरूमामा काहीतरी बोलला आणि बाबा हसले, तोंडात घास असताना हसले. किसनाजी समोर उभा राहून वाढत होता आणि बाबा त्याला मानेनं सांगत होते, आणखी टाक. भिंतीतून बोलणारे दोन मित्र इतक्या दिवसांनी समोरासमोर होते.

"बाबा, आई बोलावून राहिली. ताणा वाळून राहिला."

"आलो वं. चाल तू समोर."

आणि त्यांनी आणखी एक घास घेतला.

गेल्या रविवारी माझा मुलगा माझ्यासमोर बसून तसाच खात होता. रस्सा चांगला झाला असला की तो डोळे मिटतो. त्याच्या मिशीला तर्री लागली होती. सुनेनं कागद पुढे केला तरी त्याला शुद्ध नव्हती. त्याला वाटतं मी हॉटेलावर रागावते, गर्दीवर रागावते. घरी बाबांना मी तसं सुखात कधीच पाहिलं नव्हतं. आईच्या हातचं खाताना नाही, साडी उतरली तेव्हा नाही, मी वर्गात पहिली आले तेव्हासुद्धा नाही. ते सुख त्यांना किसनाजीच्या बाकड्यावर मिळालं आणि मी ते बघितलं, याचा मला राग आहे.

मी परत धावत आले तेव्हा आईच्या हातात कुंचा होता. पदर खोचून ती एकटी ताण्याच्या एका अंगानं चालत होती, टोकाशी वळून दुसऱ्या अंगानं परत येत होती. खाणाऱ्यांनी प्लेटा घेऊन वाट करून दिली, मजा बघायला. कोणीतरी म्हणालं, बाई लागली गा पांजणीले. आई थांबली नाही. मी दुसरा कुंचा उचलला. तिनं मला अडवलं नाही. पण इतका लांब ताणा दोन बायकांनी सांभाळायचा नसतो. आम्ही एक टोक ओलं ठेवेपर्यंत दुसरं वाळायचं. ऊन कौलांवरून भिंतीवर आलं, भिंतीवरून सुतावर आलं. कुंचा आधी सूं सूं करत होता, मग खरखर करायला लागला. धागे तुटल्याचा आवाज होत नाही. ते नुसते लोंबायला लागतात.

माणसं धावत आली. बाबा सगळ्यांत मागे होते. त्यांनी सुताचा एक पट्टा उचलून गालाला लावला. पांजण झाली की नाही हे ते नेहमी तसंच बघायचे. मग दुसऱ्या जागी लावला, तिसऱ्या जागी लावला. झिंगरूमामा डाव्या बाजूच्या लोकांना शिव्या देऊ लागला आणि ते त्याला. बाबा म्हणाले, पाणी मारून पाहू. पण म्हणाले ते नुसतं म्हणायचं म्हणून. हॉटेलातून किसनाजी आला, हातात तसाच वाढायचा डाव. तो विणकर होता. त्याला हात लावून बघावं लागलं नाही.

"गेला गा हा, महादेव," तो बाबांना म्हणाला.

मला वाटलं, आई आता किसनाजीच्या अंगावर जाईल. ती घरात गेली आणि विळा घेऊन आली. बाबांनी तिचा हात धरायला आपला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. तिनं ताणा मधोमध कापला. आमच्यात ताण्याला लोखंडाचं पातं लागतं ते साडी विणून उतरल्यावर. न विणलेला ताणा कापताना मी कोणाला बघितलं नव्हतं, तिथे जमलेल्यांपैकीही कोणी बघितलं नसेल. एका बाजूचं सूत या खुंट्याकडे गेलं, दुसऱ्या बाजूचं त्या खुंट्याकडे, आणि मधे रस्ता मोकळा झाला.

"वाट अडून राहिली लोकाइची," आई म्हणाली. "जाऊ द्या त्याइले."

कोणी हललं नाही. किसनाजी मान खाली घालून उभा होता. पोहे खाणाऱ्यांनीही प्लेटा खाली केल्या होत्या, निदान एवढं त्यांना कळलं. मग हमरस्त्याकडून घंटी वाजवत एक सायकल आली, मागे एक माणूस बसलेला. काय झालं हे त्यांना माहीत नव्हतं. सायकलवाल्यानं तुटलेल्या सुताच्या बाजूला पाय टेकवला, गर्दी बघितली आणि विचारलं, पोहे संपले का हो?

किसनाजीनं मान वर केली नाही. बाबा सायकलीच्या सगळ्यांत जवळ होते.

"हायेत," बाबा म्हणाले. "या ना, बसा."

त्या माणसानं बाबांच्या पिठाळ, लाल हातांकडे बघितलं, त्यांना हॉटेलातला माणूस समजला आणि दोन प्लेटा सांगितल्या. आई बघत होती, मी बघत होते. बाबा आत गेले आणि दोन प्लेटा घेऊन बाहेर आले.